परदेशी चलनातील ऑनलाइन खरेदी आणि बँकेचे शुल्क : वाचकांचे प्रश्न व उत्तरे

परदेशी संकेतस्थळावर कार्डाने पैसे भरल्यानंतर खात्यातून अपेक्षेपेक्षा जास्त रक्कम का जाते, या विषयावर बेळगाव शहर, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि हल्याळ येथून आलेली पत्रे या अंकात एकत्र घेतली आहेत. आपल्या भागातील शाखांमध्ये शुल्कपत्रक बहुधा कन्नड आणि इंग्रजीत मिळते, आणि ज्या घरात हिशेबाचे वाचन मराठीत होते तेथे त्या पत्रकातील नेमकी महत्त्वाची ओळ वाचायची राहून जाते. म्हणून काही उत्तरे विस्ताराने दिली आहेत. आकडेमोड सोपी जावी यासाठी सर्वत्र एक युरो म्हणजे 100 रुपये आणि एक डॉलर म्हणजे 90 रुपये असे गृहीत धरले आहे. प्रत्यक्ष दर रोज बदलत असल्याने वाचकांनी आपापल्या दिवशीचा दर घालून तोच हिशेब करावा.

प्रश्न : माझ्या मुलीने बेळगावातून अभियांत्रिकीची पदवी घेतली असून तिला पुढील शिक्षणासाठी जर्मनीला जायचे आहे. तेथील अनेक विद्यापीठांचे अर्ज स्वीकारून तपासणाऱ्या युनि-असिस्ट या संस्थेकडे पहिल्या अर्जाचे 75 युरो आणि पुढील चार अर्जांचे प्रत्येकी 30 युरो, असे एकूण 195 युरो मी माझ्या डेबिट कार्डाने भरले. खरेदीची रक्कम वजा झाली, पण काही दिवसांनी खात्यातून आणखी दोन लहान रकमा गेल्या. शाखेत विचारल्यावर ‘सिस्टिमने कापले’ एवढेच उत्तर मिळाले. या रकमा कशाच्या? आणि आता तिच्या वर्षभराच्या राहण्याच्या खर्चासाठी 11,904 युरो जर्मनीतील ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात) भरायचे आहेत. तेही कार्डानेच भरावेत का?
— एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : त्या दोन रकमांपैकी मोठी रक्कम हे बँकेचे परकीय चलन शुल्क आहे, ज्याला बँकांच्या कागदपत्रांत ‘फॉरेक्स मार्कअप’ किंवा ‘क्रॉस करन्सी मार्कअप’ म्हणतात, आणि लहान रक्कम हा त्या शुल्कावरील 18 टक्के जीएसटी आहे. काही बँका या दोन्ही रकमा मूळ खरेदीतच मिसळून एकच आकडा दाखवतात, तर काही बँका, आपल्या बँकेप्रमाणे, त्या मागाहून वेगळ्या ओळींत वजा करतात.

हा व्यवहार कसा घडतो ते पाहिले म्हणजे हिशेब उलगडतो. युरो मागणाऱ्या संस्थेची बँक परदेशात असते, आपली बँक भारतात, आणि दोघींच्या मध्ये व्हिसा किंवा मास्टरकार्ड यांच्यासारखे कार्डाचे जाळे असते. युरोचे रुपये करण्याचा दर हे जाळे ठरवते, आणि तो बाजारातील दराच्या बऱ्याच जवळ असतो. मात्र हा दर बहुधा आपण बटण दाबले त्या क्षणाचा नसून व्यवहार हिशेबात जमा झाला त्या दिवसाचा असतो, आणि मध्ये एक ते तीन दिवस जाऊ शकतात. त्या रुपयांवर आपली बँक स्वतःची टक्केवारी चढवते. भारतातील बहुसंख्य सर्वसाधारण कार्डांवर ती 3.5 टक्क्यांपर्यंत असते, काही महागड्या कार्डांवर 2 टक्क्यांच्या आसपास असते आणि मोजक्या कार्डांवर शून्य असते.

आपल्या 195 युरोंचे गृहीत दराने 19,500 रुपये होतात. त्यावर 3.5 टक्के म्हणजे 682 रुपये 50 पैसे, आणि त्या शुल्कावर 18 टक्के जीएसटी म्हणजे 122 रुपये 85 पैसे. दोन्ही मिळून 805 रुपये 35 पैसे झाले. येथे लक्षात ठेवायची गोष्ट अशी की जीएसटी खरेदीच्या रकमेवर नसून केवळ शुल्कावर असतो, त्यामुळे 3.5 टक्क्यांचा प्रत्यक्ष भार 4.13 टक्के होतो. हा एक आकडा पाठ ठेवला तर कोणत्याही परदेशी खरेदीचा अंदाज पैसे भरण्याआधीच करता येतो.

‘सिस्टिमने कापले’ हे उत्तर स्वीकारू नये. शुल्काचा दर बँकेच्या संकेतस्थळावरील शुल्कपत्रकात छापलेला असतो, आणि क्रेडिट कार्डाच्या बाबतीत महत्त्वाच्या अटी व शर्तींच्या पत्रकात सर्व शुल्के स्पष्ट देणे रिझर्व्ह बँकेच्या कार्डविषयक निर्देशांनुसार बंधनकारक आहे. शाखेत लेखी अर्ज देऊन ‘या दोन वजावटी शुल्कपत्रकातील कोणत्या बाबीखाली झाल्या’ असे विचारावे. दर योग्य असेल तर पैसे परत मिळणार नाहीत, पण आपल्या खात्यातून गेलेल्या प्रत्येक रुपयाचे नाव कळणे हा ठेवीदाराचा साधा हक्क आहे, आणि तो बजावण्यात संकोच वाटण्याचे काहीच कारण नाही.

आता मोठ्या रकमेकडे वळू. 11,904 युरो म्हणजे 11,90,400 रुपये. एवढी रक्कम 3.5 टक्के मार्कअप असलेल्या कार्डाने भरली, तर शुल्क आणि त्यावरील जीएसटी मिळून 49,163 रुपये 52 पैसे जातील. म्हणून कार्डाचा पर्याय समोर दिसला तरी तो घेऊ नये. ही रक्कम बँकेतून विदेशी हस्तांतरणानेच पाठवावी. त्यासाठी ए-2 अर्ज (परदेशी पैसे पाठवण्याचा बँकेतील ठरावीक अर्ज), पॅन, प्रवेशाचे किंवा अर्जाचे कागद आणि ब्लॉक्ड अकाउंट देणाऱ्या संस्थेचे पत्र लागते. प्रत्येक शाखेत परकीय चलनाचे काम होत नाही. बेळगावात आपल्या बँकेच्या कोणत्या शाखेत ते होते याची चौकशी आधी करावी, म्हणजे मुदत जवळ आल्यावर धावपळ होणार नाही.

अशा हस्तांतरणात चलनबदलावरील जीएसटी वेगळ्या पद्धतीने काढला जातो. पहिल्या एक लाखाचा 1 टक्का, त्यापुढे दहा लाखांपर्यंतच्या रकमेचा अर्धा टक्का आणि दहा लाखांच्या वरच्या रकमेचा 0.1 टक्का हे सेवेचे मूल्य धरून त्यावर 18 टक्के कर लागतो. आपल्या रकमेसाठी सेवेचे मूल्य 5,690 रुपये 40 पैसे आणि त्यावरील कर 1,024 रुपये 27 पैसे होतो. याशिवाय हस्तांतरणाचे ठरावीक शुल्क असते. परंतु खरा फरक पडतो तो बँकेने लावलेल्या दरात, आणि तो दर पुष्कळदा विचारल्याशिवाय सांगितला जात नाही. शाखेत ‘आजचा टीटी सेलिंग रेट किती’, म्हणजे परदेशी पाठवण्यासाठी बँक आज युरो कोणत्या दराने विकते, असे विचारावे, तोच प्रश्न दुसऱ्या एखाद्या बँकेतही विचारावा, आणि रक्कम मोठी असल्याने दर कमी करून मिळेल का हेही मोकळेपणाने विचारावे. एका युरोमागे केवळ 50 पैसे कमी झाले तरी 11,904 युरोंवर 5,952 रुपये वाचतात.

अर्ज भरताना आणखी एक रकाना नीट पाहावा. मधल्या परदेशी बँकांचे शुल्क कोणी द्यायचे हे तेथे विचारलेले असते. ते पाठवणाऱ्याने द्यायचे असा पर्याय निवडला नाही, तर वाटेत काही युरो कापले जाऊन खात्यात 11,904 पेक्षा कमी रक्कम पोहोचू शकते आणि व्हिसाच्या कागदपत्रांत त्यामुळे अडचण येते. एका आर्थिक वर्षात दहा लाख रुपयांपेक्षा जास्त रक्कम स्वतःच्या पैशांतून बाहेर पाठवली, तर वरच्या भागावर बँक टीसीएस (आयकरापोटी आगाऊ घेतली जाणारी रक्कम) कापते. ते शुल्क नव्हे. आयकर विवरणपत्रात ते करापोटी वळते करून घेता येते. मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून रक्कम गेल्यास 1 एप्रिल 2025 पासून ते कापले जात नाही.

प्रश्न : मी भरतकामाचे आणि शिवणाचे नमुने एका परदेशी संकेतस्थळावरून विकत घेते. 48 डॉलरचा संच घेताना तेथे ‘भारतीय रुपयांत पैसे भरा’ असा पर्याय आला आणि मी आनंदाने तो निवडला, कारण रुपयांत भरले तर परकीय चलनाचे शुल्क लागणार नाही असे मला वाटले. तरीही बँकेने शुल्क लावले. हे कसे?
— एक वाचिका, शहापूर, बेळगाव

उत्तर : आपल्याप्रमाणेच अनेकांचा असा समज होतो, आणि संकेतस्थळावर तो पर्याय मांडलेलाही अशा रीतीने असतो की तो सोयीचा व सुरक्षित वाटावा. प्रत्यक्षात तेथे डॉलरचे रुपये करण्याचे काम कार्डाच्या जाळ्याऐवजी त्या दुकानाची बँक किंवा तिची भागीदार कंपनी स्वतःच्या दराने करते आणि त्या दरात आपला नफा मिसळते. याला ‘डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन’ म्हणतात. पुढचा भाग अधिक त्रासदायक आहे. दुकान परदेशात नोंदलेले असल्याने व्यवहार रुपयांत झाला तरी आपली बँक त्याला परदेशी व्यवहारच मानते, आणि अनेक बँका अशा रुपयांतील परदेशी व्यवहारावरही सुमारे 1 टक्का किंवा त्याहून अधिक शुल्क आणि वर जीएसटी घेतात. म्हणजे ग्राहक चलनबदलाची किंमत दोन ठिकाणी देतो.

48 डॉलरचे 4,320 रुपये होतात. समजा संकेतस्थळाने रुपयांतील किंमत 5 टक्के चढवून 4,536 दाखवली आणि बँकेने त्यावर 1 टक्का व जीएसटी घेतला, तर एकूण 4,589 रुपये 52 पैसे जातील. तीच खरेदी डॉलरमध्ये केली असती तर 3.5 टक्के मार्कअप आणि जीएसटी धरूनही 4,498 रुपये 42 पैसे झाले असते. आपली बँक रुपयांतील परदेशी व्यवहारालाही पूर्ण 3.5 टक्के लावत असेल, तर रुपयांचा पर्याय 4,723 रुपयांच्या वर जातो. शून्य मार्कअपचे कार्ड असणाऱ्याने रुपयांचा पर्याय घेतला तर त्या कार्डाचा हेतूच वाया जातो.

म्हणून सर्वसाधारणपणे दुकानाच्या मूळ चलनातच पैसे भरावेत असे माझे स्पष्ट मत आहे. याला अपवाद असू शकतो आणि तो हिशेबाने ओळखता येतो. आपल्या कार्डावर डॉलरसाठी 3.5 टक्के आणि रुपयांतील परदेशी व्यवहारासाठी 1 टक्का असे दर असतील, तर संकेतस्थळाची रुपयांतील किंमत जाळ्याच्या दरापेक्षा सुमारे 2.9 टक्क्यांपर्यंत जास्त असली तरी रुपयांत भरणे महाग पडत नाही. त्यापुढे ते महाग पडते. व्हिसा आणि मास्टरकार्ड दोघांच्याही संकेतस्थळांवर दर काढण्याचे गणकयंत्र आहे आणि त्यात बँकेच्या शुल्काची टक्केवारी घालण्याची सोय आहे. पैसे भरण्याच्या शेवटच्या पानावर रुपयांचा पर्याय बहुधा आधीच निवडून ठेवलेला असतो आणि चलन बदलण्याची जागा बारीक अक्षरांत असते. ती शोधावी. याउलट, काही संकेतस्थळे किंमत रुपयांत दाखवतात ती केवळ माहितीसाठी, आणि वसुली डॉलरमध्येच करतात. कोणत्या चलनात पैसे घेतले जाणार हे शेवटच्या पानावर लिहिलेले असते, आणि तेच खरे मानावे.

प्रश्न : परदेशी दुकानातून 120 डॉलरचे बूट मागवले, माप जुळले नाही म्हणून परत पाठवले. दुकानाने पूर्ण 120 डॉलर परत केल्याची पावती पाठवली, पण माझ्या कार्डावर पाचशे रुपयांहून अधिक कमी जमा झाले. दुकान खोटे बोलते की बँक?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : बहुधा दोघेही खोटे बोलत नाहीत. खरेदीच्या दिवशी 120 डॉलरचे 10,800 रुपये झाले असतील, तर त्यावर 378 रुपये मार्कअप आणि 68 रुपये 4 पैसे जीएसटी लागला. परतावा आला त्या दिवशी डॉलर समजा 89 रुपये होता. तेव्हा 120 डॉलरचे 10,680 रुपये जमा झाले. दरातील फरकाचे 120 रुपये आणि परत न मिळालेले शुल्क 446 रुपये 4 पैसे मिळून आपले 566 रुपये 4 पैसे कमी झाले. डॉलर वधारला असता तर दराच्या बाबतीत उलट घडले असते, पण मार्कअप बहुतेक बँका परत करत नाहीत, कारण त्यांच्या मते चलनबदलाची सेवा देऊन झालेली असते. काही बँका तो परत करतात, म्हणून एकदा लेखी विचारणे योग्य ठरेल.

यातून मार्ग असा की खरेदी रद्द करायची असेल तर शक्यतो त्याच दिवशी, दुकानाने रक्कम प्रत्यक्ष वसूल करण्यापूर्वी करावी. तेव्हा केवळ अडवून ठेवलेली रक्कम मोकळी होते आणि चलनबदल होतच नाही. वस्तू हातात आल्यानंतर माप बदलून घ्यायचे असेल, तर परतावा घेऊन पुन्हा खरेदी करण्याऐवजी थेट बदली मागावी, नाहीतर शुल्क दुसऱ्यांदा लागेल.

प्रश्न : उद्यमबागेत माझे लहान यंत्रकामाचे वर्कशॉप आहे. नकाशे काढण्याच्या एका सॉफ्टवेअरचे दरमहा 20 डॉलर कार्डातून जातात. बिलावर 18 टक्के जीएसटी आहे आणि बँकेच्या स्टेटमेंटवर पुन्हा जीएसटी आहे. एकाच खरेदीवर दोनदा कर घेणे योग्य आहे का? शिवाय मध्येच एखाद्या महिन्यात पैसे जात नाहीत आणि सॉफ्टवेअर बंद पडते.
— एक वाचक, उद्यमबाग, बेळगाव

उत्तर : हे दोन कर दोन वेगळ्या सेवांवरील आहेत. पहिला सॉफ्टवेअर पुरवण्याच्या सेवेवर आहे. परदेशातून इंटरनेटद्वारे सेवा विकणाऱ्या कंपन्यांना भारतातील नोंदणी नसलेल्या ग्राहकाकडून जीएसटी घेऊन तो सरकारजमा करावा लागतो. दुसरा बँकेच्या चलनबदल सेवेवर आहे. 20 डॉलरचे 1,800 रुपये, त्यावर 324 रुपये जीएसटी मिळून 2,124 रुपये. या पूर्ण रकमेवर 74 रुपये 34 पैसे मार्कअप आणि त्यावर 13 रुपये 38 पैसे जीएसटी. अशा रीतीने 1,800 रुपयांची वाटणारी वर्गणी 2,211 रुपये 72 पैशांना पडते. वर्षाच्या खर्चाचा अंदाज बांधताना हाच आकडा धरावा.

वर्कशॉपची जीएसटी नोंदणी असेल तर तो क्रमांक कंपनीच्या खात्यात नोंदवावा. मग कंपनी बिलात कर लावत नाही. तो कर आपण स्वतः उलट आकारणी पद्धतीने भरायचा असतो आणि नियमांत बसत असल्यास त्याची वजावट मिळते. हे काम आपल्या करसल्लागाराकडून करून घ्यावे.

पैसे मध्येच न जाण्याचे कारण दर महिन्याच्या आपोआप वसुलीच्या नियमांत आहे. 1 ऑक्टोबर 2021 पासून कार्डावरील अशा वसुलीसाठी ग्राहकाने एकदा ओटीपी देऊन संमती नोंदवावी लागते आणि प्रत्येक वसुलीच्या किमान 24 तास आधी बँकेने सूचना पाठवावी लागते. नंतरच्या वसुलीत ओटीपी न मागण्याची मर्यादा आधी 5,000 रुपये होती, ती जून 2022 मध्ये 15,000 रुपये झाली. अनेक परदेशी कंपन्यांनी ही व्यवस्था जोडलेली नाही, आणि त्यांची वसुली आपली बँक नाकारते. अशा कंपनीकडे वार्षिक वर्गणीचा पर्याय असेल तर तो वर्षातून एकदा स्वतः भरणे हा कमी त्रासाचा मार्ग आहे. टक्केवारी तीच राहते, पण काम अडत नाही.

प्रश्न : माझे खाते सहकारी बँकेत असून रुपे डेबिट कार्ड आहे. परदेशी संकेतस्थळावर ते किंवा यूपीआय चालेल का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : रुपेची सर्वच कार्डे परदेशात चालत नाहीत, आंतरराष्ट्रीय प्रकारचे कार्ड असेल तर ते डिस्कव्हरसारख्या भागीदार जाळ्यांवर चालते. आपले कार्ड कोणत्या प्रकारचे आहे हे बँकेत विचारावे. यूपीआय सिंगापूर, संयुक्त अरब अमिरात, नेपाळ, भूतान, मॉरिशस, श्रीलंका आणि फ्रान्स येथे काही ठिकाणी दुकानातील क्यूआर कोड स्कॅन करून चालते. परदेशी संकेतस्थळांवर ते सहसा नसते. मात्र एखाद्या परदेशी संकेतस्थळाने यूपीआयचा पर्याय दिलाच, तर ते पैसे भारतीय व्यवस्थेतून रुपयांत घेत आहे असे समजावे, आणि त्यावर आपल्या बँकेचे परकीय चलन शुल्क लागत नाही. रुपयांतील किंमत वाजवी आहे ना, एवढेच पाहावे.

प्रश्न : परदेशातून पुस्तके मागवली. कार्डावर शुल्क गेलेच, आणि आता टपाल घेताना सीमाशुल्कही मागत आहेत. ते आधीच्या शुल्कात धरलेले नसते का?
— एक वाचिका, निपाणी

उत्तर : नसते. बँकेचे शुल्क चलनबदलाचे असते आणि सीमाशुल्क वस्तू देशात आणण्याचे. छापील पुस्तकांवर 2019 च्या अर्थसंकल्पापासून 5 टक्के सीमाशुल्क आहे. विकत घेतलेली वस्तू ‘भेट’ म्हणून पाठवण्यास दुकानदाराला सांगू नये. डिसेंबर 2019 पासून जीवनरक्षक औषधे आणि राखी यांखेरीज टपालाने किंवा कुरियरने पूर्ण शुल्क न भरता भेट म्हणून वस्तू आणण्यास बंदी आहे आणि पार्सल अडकू शकते.

प्रश्न : शून्य फॉरेक्स मार्कअप असलेले कार्ड घ्यावे का? वार्षिक शुल्क 500 रुपये अधिक जीएसटी आहे. मी वर्षातून एखाद-दोन वेळाच परदेशी खरेदी करतो.
— एक वाचक, चिकोडी

उत्तर : जीएसटी धरून वार्षिक शुल्क 590 रुपये होते. सध्याच्या कार्डावर 4.13 टक्के भार पडत असेल, तर वर्षाला सुमारे 14,300 रुपयांची परदेशी खरेदी झाली की हे शुल्क भरून निघते. आपली खरेदी त्याहून कमी असेल तर नवे कार्ड केवळ यासाठी घेऊ नये. वार्षिक शुल्क नसलेली, किंवा मुदत ठेवीवर मिळणारी अशी कार्डेही काही बँका देतात. ज्यांना पगारपत्रक दाखवता येत नाही अशा शेतकरी आणि लहान व्यावसायिकांना ठेवीवरील कार्ड सोपे पडते. ‘शून्य’ हा शब्द कोणत्या शुल्काला लागू आहे हे मात्र वाचून घ्यावे. परकीय चलनातील मार्कअप शून्य असूनही रुपयांतील परदेशी व्यवहारावर शुल्क घेणारी कार्डे आहेत. प्रवासासाठी आगाऊ चलन भरून ठेवण्याच्या फॉरेक्स कार्डावरही मार्कअप दिसत नाही, कारण नफा चलन भरतानाच्या दरात घेतलेला असतो, आणि त्यात डॉलर भरून युरोत खरेदी केली तर बहुधा पुन्हा वेगळे शुल्क लागते.

प्रश्न : माझ्या वडिलांच्या डेबिट कार्डातून रात्री परदेशी संकेतस्थळावर डॉलरमध्ये दोन खरेद्या झाल्या. ओटीपी आला नाही, त्यांनी कोणाला सांगितलाही नाही. बँक म्हणते चौकशी करू, आणि वर परकीय चलनाचे शुल्कही कापले आहे. आम्ही काय करावे?
— एक वाचक, हल्याळ

उत्तर : प्रथम आजच कार्ड बंद करून घ्यावे आणि लेखी तक्रारीची पोच तारखेसह घ्यावी. परदेशी दुकानांवर ओटीपी मागण्याची भारतासारखी सक्ती आतापर्यंत नव्हती. त्यामुळे कार्डाचा क्रमांक, मुदत आणि मागचे तीन अंक एवढ्यावर तेथे खरेदी होऊ शकते. बँकेची किंवा ग्राहकाची चूक नसून तिऱ्हाईताकडून फसवणूक झाली असेल, तर बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवणाऱ्या ग्राहकावर कोणतीही जबाबदारी येत नाही. हा नियम रिझर्व्ह बँकेने जुलै 2017 मध्ये व्यापारी बँकांना आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सहकारी बँकांनाही लागू केला. चार ते सात कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास मर्यादित जबाबदारी येते, आणि त्यानंतर बँकेच्या धोरणावर अवलंबून राहावे लागते. म्हणून तारीख येथे फार महत्त्वाची आहे. तक्रारीत खरेदीच्या रकमेबरोबर मार्कअप आणि त्यावरील जीएसटी या दोन्ही रकमांचा वेगळा उल्लेख करून त्याही मागाव्यात. त्या राहून गेल्या तर बँक केवळ मूळ रक्कम जमा करून प्रकरण मिटले असे दाखवू शकते.

तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा उत्तर समाधानकारक नसले, तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेखाली तिच्या तक्रार पोर्टलवर विनाशुल्क तक्रार करता येते. माहितीसाठी 14448 हा क्रमांक आहे. पोलिसांच्या सायबर तक्रारीसाठी 1930 या क्रमांकावरही लगेच कळवावे.

नवे कार्ड आल्यावर एक गोष्ट तपासावी. जानेवारी 2020 च्या परिपत्रकानुसार नव्या कार्डावर परदेशी आणि ऑनलाइन वापर मुळात बंद असायला हवा आणि तो ग्राहकाने स्वतः सुरू करायचा असतो. वडील परदेशी खरेदी करत नसतील, तर बँकेच्या ॲपमध्ये, एटीएमवर किंवा शाखेत अर्ज देऊन तो बंद असल्याची खात्री करून घ्यावी. घरातील कोणाला त्या कार्डाने परदेशी खरेदी करायचीच असेल, तर त्या खरेदीपुरती मर्यादा ठरवून वापर सुरू करावा आणि रक्कम हिशेबात जमा झाल्यावर पुन्हा बंद करावा.